दाढ दुखतेय, हातात पैसे नाहीत, जायचं कुठे?

मागच्या अंकात मोफत दंतसेवेबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. नवीन वाचकांसाठी सांगते, माझं दादरला छोटं क्लिनिक आहे आणि आम्ही सहा-सात डेंटिस्ट मिळून महिन्यातले दोन रविवार मानखुर्दला एका समाजमंदिराच्या खोलीत फुकट दातांचा दवाखाना चालवतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बरंचसं तिथे डोळ्यांनी बघितलेलं आहे. विचारणाऱ्यांची नावं छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी विक्रोळीला राहते, चार घरी धुणीभांडी करते. उजव्या बाजूची खालची दाढ तीन महिने ठणकतेय. नाक्यावरच्या दवाखान्यात रूट कॅनल आणि कॅपचे मिळून नऊ हजार सांगितले. मग आमच्याकडे फुकट शिबिर होतं तिथे गेले, दोन तास लाइनीत उभी राहिले, डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि पेस्टची छोटी ट्यूब दिली. दाढ आहे तशीच. आता काय करू?

उत्तर: ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. शिबिरं दोन जातीची असतात आणि बॅनरवर हे कोणीच लिहीत नाही. एक नुसतं तपासणी शिबिर, तिथे खुर्ची नाही, मशीन नाही, बघायचं आणि चिठ्ठी द्यायची. दुसरं उपचार शिबिर, तिथे दाढ भरतात, काढतात, दात साफ करतात. त्यामुळे पुढच्या वेळी लाइनीत उभं राहायच्या आधीच पुढे जाऊन सरळ विचारायचं, "आज इथे दाढ भरणार आहात का, काढणार आहात का, की फक्त बघणार?" फुकट आहे म्हणून विचारू नये असं अजिबात नाही, तुमचे दोन तास आणि एक खाडा गेलेला असतो, त्याला किंमत आहे.

ती चिठ्ठी मात्र फेकू नका. तिच्यावर बहुतेक ४६ किंवा ४७ असा आकडा असेल. आम्ही तोंडाचे चार भाग धरतो, उजवीकडचा खालचा भाग चौथा, आणि मधून मोजत गेलं की सहावा दात म्हणजे पहिली मोठी दाढ, म्हणून ४६. पुढे आरसीटी, म्हणजे रूट कॅनल, लिहिलं असेल तर दाढ वाचण्यासारखी आहे असं त्या डॉक्टरांचं मत होतं. हा कागद पुढच्या डॉक्टरांना दाखवा.

आता कुठे जायचं. मुंबईत दातांची दोन मोठी सरकारी ठिकाणं आहेत. एक सीएसएमटीला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय. दुसरं मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, स्टेशनपासून चालत जाता येतं. तुम्हाला विक्रोळीहून सीएसएमटी सरळ पडेल, गाडी बदलायला नको. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी पोचायचं, केसपेपर काढायचा, पहिल्यांदा तपासणीच्या विभागात जायचं, तिथे एक्स-रे काढायला सांगतात आणि मग रूट कॅनलच्या विभागात पाठवतात. पहिल्या दिवशी बहुतेक एवढंच होतं आणि तारीख मिळते, त्यामुळे "आज गेले आणि काहीच केलं नाही" असं म्हणून परत फिरू नका, तो दिवस वाया गेलेला नसतो. बिलकुल फुकट असेलच असं नाही, पण बाहेरच्या नऊ हजारांशी त्याची तुलनाच नाही. कॅपचे वेगळे पैसे पडतात का ते सुरुवातीलाच विचारून घ्या आणि तेवढेही जमत नसतील तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन सांगा, ती माणसं त्याच कामासाठी बसलेली असतात.

तिथे शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून लोक घाबरतात. मी पण अशीच शिकले. बीडीएसच्या, म्हणजे डेंटिस्टच्या डिग्रीच्या, वरच्या वर्गातली मुलं किंवा इंटर्न काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात, पुढे जायची परवानगी देतात, म्हणून वेळ जास्त लागतो, तीन-चार फेऱ्या होतात. पण घाईत केलेल्या रूट कॅनलपेक्षा हळू केलेलं बरं. आणि फेऱ्या अर्ध्यावर सोडू नका, ठणका थांबला की लोक यायचे थांबतात आणि सहा महिन्यांनी तीच दाढ फुटून काढावी लागते, हे मी इतक्यांदा बघितलंय की तुम्हाला हात जोडून सांगते, कॅप लागेपर्यंत जा.

अजून एक, तुमचे मिस्टर किंवा मुलगा कुठे सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कारखान्यात असतील तर त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापतात का बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असला की ते लागू होतं आणि मिस्टरांचं असेल तर बायकोलाही उपचार मिळतात, त्यात दातांचेही येतात. आमच्या खोलीत येणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात हे कार्ड कपाटात पडून असतं आणि ते दातांना चालतं हे त्यांना माहीतच नसतं.

आणि तोवर दाढेशेजारी गोळी दाबून ठेवायची नाही. एक बाई आल्या होत्या, रात्रभर ठणका म्हणून अॅस्पिरिनची गोळी हिरडीला लावून झोपल्या होत्या, गाल आतून पांढरा पडून त्याचं सालपट निघत होतं आणि दाढेपेक्षा त्या भाजल्याचंच जास्त दुखत होतं. गोळी पोटात घ्यायची असते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. पण गालावर सूज आली, ती डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकायला लागली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर मग ओपीडीची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. दाढेचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात. माझी आई ७० वर्षांची आहे, याच भीतीने शिबिरात जात नाही. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: काही संबंध नाही. डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. ज्या वयात दाढा काढायची वेळ येते त्याच वयात मोतीबिंदूही सुरू होतो, म्हणून लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. दाढेत पू ठेवून बसणं हे मात्र खरंच धोक्याचं आहे. आईंना बीपी, शुगर असेल तर रोजच्या गोळ्या घेऊन आणि पोटभर खाऊन घेऊन जा, दात काढायला उपाशीपोटी यायचं नसतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना आधी सांगा, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या.

प्रश्न: आमचे बाबा ७४ वर्षांचे, गिरणीत होते, आता करी रोडला चाळीत असतात. खालचे चारच दात उरलेत. स्टेशनबाहेर बसणाऱ्या एकाने सहाशे रुपयात दोन नकली दात शेजारच्या दातांना चिकटवून दिले, पंधरा दिवस बरं होतं, आता तिथून वास येतो आणि रक्त येतं. शिबिरात कवळी मिळेल का?

उत्तर: दादा, पहिलं काम म्हणजे ते चिकटवलेले दात काढून घ्या, या आठवड्यातच. त्याने जे वापरलंय ते बहुतेक लगेच घट्ट होणारं अॅक्रिलिक आहे, ते हिरडीवर थापलं की खाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि ज्या चांगल्या दातांना ते धरून आहे तेच हलायला लागतात. १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला हे काम करताच येत नाही. पण मी तुमच्या बाबांना दोष देणार नाही, सहाशे रुपयात दात मिळतायत म्हटल्यावर माणूस जाणारच, कारण दुसरा रस्ता कुणी दाखवलेला नसतो.

एका दिवसाच्या शिबिरात कवळी होत नाही. कुणी सांगितलं की सकाळी या, संध्याकाळी घेऊन जा, तर जरा जपून. आधी न टिकणारे दात काढायचे, हाड आणि हिरडी भरून यायला दीड-दोन महिने द्यायचे, मग पहिलं माप, मग दुसरं बारीक माप, मग जबडे एकमेकांवर कसे बसतात ते मेणावर बघायचं, मग मेणात लावलेले दात तोंडात ठेवून ट्रायल, आणि त्यानंतर पक्की कवळी. म्हणजे पाच फेऱ्या धरा, आणि नंतर टोचतं तिथे घासून घ्यायला अजून एक-दोन. वर सांगितलेल्या दोन्ही डेंटल कॉलेजांत हे सगळं होतं, आणि नेरूळ, खारघर, कामोठे इकडे खाजगी डेंटल कॉलेजं आहेत तिथेही विचारा, त्यांच्या विद्यार्थ्यांना कवळीचे ठरलेले पेशंट पूर्ण करावेच लागतात त्यामुळे तिथे बऱ्याचदा कमी पैशात काम होतं. ट्रायलच्या दिवशी बाबांबरोबर घरातलं कुणीतरी जा. तेव्हा दात मेणातच असतात, मोठे वाटतात, ओठ पुढे आलाय, तोंड वेगळं दिसतंय, जे काय असेल ते त्याच दिवशी सांगायचं, नंतर बदलता येत नाही.

मानखुर्दला एक आजी आल्या होत्या, रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही आमच्या यांची, ते गेले, वाया कशाला घालवायची, मला बसवून द्या." कवळी माणसाच्या हिरडीच्या मापाची असते, दुसऱ्याला बसतच नाही, हे सांगताना माझाच आवाज बसला. त्यांना म्हटलं ती जपून ठेवा आणि आपण तुमचं माप घेऊ. चार महिने लागले, मधे त्यांच्या घरात पाणी शिरलं म्हणून दोन रविवार चुकले. कवळी लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर खुर्चीतच बसून "विठ्ठल विठ्ठल" म्हणून बघितलं, कारण भजनात 'वि' म्हणताना हवा जायची आणि बाकीच्या बायका हसायच्या असं त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

बाबांना सांगा, पहिले काही दिवस खिचडी, केळं, वरणात कुस्करलेली पोळी, आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. भाकरी महिनाभराने. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, वाकडी होते. पेस्टने घासायची नाही, चरे पडतात, साबण आणि मऊ ब्रश पुरतो. कोरडी ठेवली तरी बिघडते.

प्रश्न: माझे मिस्टर रिक्षा चालवतात, बारा वर्षं गुटखा आणि मावा खातात. आता तोंडात दोनच बोटं जातात, तिखट अजिबात चालत नाही. गोवंडीच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले टाटाला दाखवा. तेव्हापासून ते गप्प आहेत आणि जायला तयार नाहीत. टाटा म्हणजे कॅन्सरच ना?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. टाटाला पाठवलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण बघून घ्यायलाच हवं, आणि लवकर. तुम्ही लिहिलंय ते, तोंड कमी उघडणं आणि तिखट न सोसणं, ही सुपारीने होणाऱ्या एका आजाराची ठळक लक्षणं आहेत. गालाची आतली कातडी हळूहळू कडक, पांढरट, दोरीसारखी होत जाते. साधारण आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, दोनच जात असतील तर आजार पुढे गेलेला आहे. हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे, पण अशा तोंडात पुढे कॅन्सर व्हायचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. लोकांना वाटतं तंबाखू नसलेली साधी सुपारी चालते, तसं नाही, सुपारी स्वतःच कॅन्सरला कारण आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी तुमच्या मिस्टरांना तो बारा वर्षं रोज मिळत राहिला, याचा मला मनापासून संताप येतो.

त्यांना टाटाच्या नावाची भीती असेल तर पहिली पायरी दुसरी धरा. वर सांगितलेल्या दोनपैकी एका डेंटल कॉलेजात तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो, तिथे न्या, "दाढ दाखवून येऊ" म्हणून न्या. गरज वाटली तर ते छोटासा तुकडा तपासायला घेतील. तुम्ही घरी एवढं बघा, गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली कुठे पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. असली तर मग एक दिवसही थांबायचं नाही, परळला टाटाला सरळ जायचं. ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजना अशा मोठ्या उपचारांसाठी आहे, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेसाठी मदत करणारी माणसं, कुठे बसतात ते विचारा. साधं फिलिंग, रूट कॅनल, कवळी त्या योजनेत बसत नाही, पण कॅन्सर बसतो.

मावा सोडायला १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यांना स्वतःला फोन करू द्या, तुम्ही मागे लागू नका. आणि तुम्ही स्वतः मिश्री लावता का ते पत्रात लिहिलं नाहीत, पण लावत असाल तर तीही भाजलेली तंबाखूच आहे, त्याच दिवशी तुमचंही तोंड दाखवून घ्या.

प्रश्न: आमचं लालबागचं मंडळ आहे, मोठं नाही, गल्लीतलं. यंदा गणपतीत आरोग्य शिबिराच्या जोडीला दातांचं मोफत शिबिर घ्यायचं ठरतंय. शंभर-दीडशे लोकांचे उपचार एका दिवसात होतील ना? काय काय तयारी लागेल?

उत्तर: तुम्ही विचारलंत याचा खूप आनंद झाला, कारण मंडळाकडे जे असतं ते आमच्याकडे नसतं, जागा, मुलं, लाइट, पाणी, आणि घरोघरी ओळख. पण दीडशे हा आकडा आधी डोक्यातून काढा. तपासणी दीडशेची होईल. उपचार मात्र एका खुर्चीवर एका डॉक्टरने दिवसभरात नीट केले तर दहा-बारा लोकांचे होतात, हा आमचा अनुभव आहे. चार खुर्च्या असतील तर चाळीस-पंचेचाळीस. त्याच्या वर गेलात की दोनच गोष्टी होतात, एकतर जी दाढ भरता आली असती ती वेळ नाही म्हणून काढून टाकतात, नाहीतर हत्यारं नीट निर्जंतुक न करता पुढच्या माणसाला वापरली जातात.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. हिपॅटायटिस बी, सी हे आजार रक्तातून पसरतात, आणि दाताच्या कामात रक्त येतंच. हत्यारं गरम पाण्यात उकळली, स्पिरिटने पुसली, एवढ्याने होत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, १२१ डिग्रीला दाबाखाली किमान १५ मिनिटं ती राहायला हवीत, आणि आधी घासायची, नंतर थंड करायची वेळ धरली की एका फेरीला पाऊण-एक तास जातो. म्हणून शिबिरात किती लोकांचे उपचार करायचे हे डॉक्टरांवर ठरत नाही, हत्यारांचे सेट किती आहेत त्यावर ठरतं. चाळीस पेशंट घ्यायचे तर सकाळीच पाकिटात सील केलेले पन्नास सेट तयार असायला हवेत. पाकिटावर एक पट्टी असते, ऑटोक्लेव्ह नीट झालं की तिचा रंग बदलतो, आणि पाकीट पेशंटच्या समोर फोडायचं. तुमच्या मंडळाच्या एका जबाबदार मुलाला फक्त हेच काम द्या, प्रत्येक पाकिटाची पट्टी बघायची.

येणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी आहे का, विचारा, कुणालाही राग येणार नाही. बीपी आणि शुगर तपासायला एक टेबल खुर्च्यांच्या आधी लावा, दात काढायच्या आधी ते लागतं आणि आपल्याला शुगर आहे हे कितीतरी लोकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. हिरडीचा आजार आणि शुगर एकमेकांना वाढवतात. सुया पांढऱ्या, टोचल्याने भोक न पडणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत, आणि हा कचरा कोण उचलणार ते आधी ठरलेलं हवं, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो पालिकेच्या साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. मंडपाचे स्पीकर त्या वेळात बंद ठेवा, सुन्न करायचं इंजेक्शन देताना पेशंट काय म्हणतोय ते ऐकू यायला लागतं.

फोटोंबद्दल एक विनंती. तोंड उघडून बसलेल्या माणसाचा फोटो बॅनरवर टाकू नका. एकदा एका शिबिरात माझ्यासमोर खुर्चीत बसलेली मुलगी, विशीतली असेल, पुढचे दोन दात किडलेले, समोर मोबाइल आला आणि तिने तोंड मिटलं ते परत उघडलंच नाही, उठून गेली. आम्ही तिला नंतर तीन रविवार शोधत होतो. फोटो काढायचाच असेल तर डॉक्टरांचा काढा, रांगेचा लांबून काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी काय? दात काढलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरणाचा ठणका लागू शकतो, कारण काढलेल्या जागेतली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडतं. तेव्हा तो कुठे जाणार? म्हणून प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या, त्यावर काय केलं, कुठल्या दाताला केलं, आणि कुणाला फोन करायचा. ज्यांना रूट कॅनल किंवा कवळी लागणार आहे त्यांची वही करा आणि मंडळाच्या दोन मुलांनी विसर्जन झाल्यावर त्यांना सीएसएमटीला किंवा नायरला नेऊन केसपेपर काढून द्यायचा. तुमच्यासारख्या मंडळाने वीस लोकांना जरी असं शेवटपर्यंत नेलं तरी मी ते दीडशेच्या शिबिरापेक्षा मोठं काम मानीन.

दात काढलेल्यांना घरी पाठवताना मराठीत आणि हिंदीत सांगा, कापूस पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, थुंकायचं नाही, थुंकी गिळायची, त्या दिवशी गुळण्या नाहीत, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, चहा गार करून, तंबाखू-बिडी बंद, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या.

प्रश्न: मी इंटर्न आहे, कल्याणला राहते. आमच्या कॉलेजच्या शिबिरांना जाते पण दरवेळी दात काढ, काढ, काढ एवढंच होतं. एका रविवारी मी बावीस दात काढले आणि घरी येऊन रडले. हे समाजकार्य आहे का? मॅडम, खरं सांगा.

उत्तर: बावीस माणसांचा ठणका थांबला, तेवढं पहिल्यांदा स्वतःला सांग. रात्र रात्र न झोपलेल्या माणसासाठी ते खूप असतं. पण तुला रडू आलं ते बरोबरच आहे, कारण त्यातले काही दात वाचले असते हे तुला दिसत होतं.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत स्टॅन ब्रॉक यांनी १९८५ ला रिमोट एरिया मेडिकल नावाची संस्था काढली, मूळ विचार होता जिथे डॉक्टर पोचतच नाहीत अशा परदेशातल्या दुर्गम भागांचा, आणि पुढे त्यांची बहुतेक शिबिरं अमेरिकेतच व्हायला लागली. लोक आदल्या रात्री येऊन गाडीत झोपून नंबर लावतात आणि मोठी गर्दी दातांसाठीच असते. एवढ्या श्रीमंत देशात ही वेळ येते, कारण दात हा सगळीकडेच आरोग्याच्या बाहेर ठेवलेला विषय आहे. आपल्याकडे जीवनरेखा एक्सप्रेस, आगगाडीतलं हॉस्पिटल, १९९१ ला सुरू झालं, डोळे, फाटलेले ओठ यांच्या ऑपरेशन्ससाठी, आणि दातांचे उपचारही तिथे होतात. मला त्या गाडीचं आवडतं ते हे की ती एका ठिकाणी काही आठवडे थांबते. दातांना थांबणारी माणसं लागतात.

तू करू शकशील असं सांगते. खुर्ची नाही, कंप्रेसर नाही, लाइट गेलेत, तरी दाढ भरता येते. हातातल्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरायचं, ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात तयार झाली, ड्रिलचा आवाज नाही म्हणून लहान मुलं पण बसतात. दुसरं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, एक थेंब किडीवर लावायचा, कीड पुढे जायची बहुतेक वेळा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही गोष्टी २०२१ ला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्यात. किडलेली जागा त्याने काळी पडते, हे आई-बापांना लावायच्या आधी सांगायचं, फोटो दाखवून सांगायचं. आम्ही एकदा घाईत सांगायचं विसरलो आणि ती आई पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आली ती डोळ्यात पाणी आणूनच, "माझ्या पोराचे दात काळे केले." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

सरांना विचार की पुढच्या शिबिराला फॉरसेप्सच्या, म्हणजे दात काढायच्या चिमट्यांच्या, ट्रेच्या शेजारी सिमेंटची एक बाटली आणि कीड खरवडायची चार हत्यारं, एक्सकॅव्हेटर, ठेवू का. नाही म्हणणार नाहीत. आणि दोन रविवार मोकळे असतील तर मानखुर्दला ये, मासिकाकडून माझा नंबर घे. सेट घासायला पण माणूस लागतो, पहिले दोन महिने तेच दिलं तर चालेल का, ते मनाशी ठरवून ये.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा, पालिकेच्या शाळेत आहे. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की मागची दाढ किडली आहे, भरून घ्या. दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे, मग कशाला खर्च? (एक आई, भांडुप)

उत्तर: ताई, ती दुधाची दाढ नसण्याची शक्यता मोठी आहे. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते, तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे काही पडत नाही, गुपचूप येते, म्हणून आई-वडिलांना वाटतं दुधाचीच. ती कायमची. ती गेली की परत येत नाही. घरी मोजून बघा, मधल्या दातापासून मागे मोजत गेल्यावर सहावा नंबर येतो का. आला तर या आठवड्यातच न्या, शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. आत्ता भरायला वीस मिनिटं लागतील, सरकारी ठिकाणी खर्च नाममात्र, आणि भांडुपला पालिकेच्या 'आपला दवाखाना' योजनेचं पॉलिक्लिनिक जवळ असेल तर तिथे दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते आधी विचारा, सीएसएमटीपर्यंतची फेरी वाचेल. कीड आतपर्यंत गेली असं सांगितलं तर मात्र कॉलेजलाच न्या, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी भरपेट खायला घालून न्या, आणि "सुई टोचतील" असं आधीपासून सांगू नका, काय करणार ते तिथले डॉक्टर त्याला त्याच्या भाषेत सांगतात. पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करायचा, त्या मागच्या दाढेपर्यंत त्याचा हात अजून पोचत नाही.